खाऱ्या सरोवरातील वेटोळे

आपली कृती टिकावी ही कलावंताची इच्छा कलेइतकीच प्राचीन आहे. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी शिखरापासून पायथ्याकडे खोदत नेले, त्यांनी आपला भरवसा सह्याद्रीच्या कातळावर टाकला होता, आणि कातळाने तो आजवर सांभाळला आहे. याच्या उलट अंगणातील रांगोळी, तमिळ घराच्या उंबऱ्यापुढचे कोलम किंवा गंगेच्या मातीतून घडून विजयादशमीला गंगेलाच परत जाणारी बंगालची दुर्गाप्रतिमा यांनी टिकण्याचा हव्यास कधीच धरला नाही. मात्र त्या नाहीशा होतात त्या पुन्हा प्रकट होण्यासाठी. रांगोळी पुसली गेली तरी ती काढणारा हात घरात असतो. प्रतिमा विरघळली तरी मूर्तिकारांची आळी जागच्या जागी असते. एका ठिकाणी दगड कलेला राखतो, तर दुसऱ्या ठिकाणी परंपरा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील व युरोपातील काही कलावंतांनी या दोहोंहून निराळी वाट धरली. चित्रशाळेच्या चार भिंती सोडून ते उघड्या माळावर, वाळवंटात आणि जलाशयांच्या काठी गेले. तेथील दगड, माती, पाणी हेच त्यांचे साहित्य झाले, आणि घडविलेली वस्तू त्यांनी ऊन, पाऊस व वारा यांच्या स्वाधीन केली. पुसले गेल्यावर पुन्हा रेखणारी परंपरा त्यांच्यापाशी नव्हती, आणि निसर्गाच्या हाती दिलेल्या वस्तूला कातळाची निश्चिंतीही नव्हती. मग अशा कृतीचे रक्षण करावयाचे म्हणजे नेमके कशाचे करावयाचे? हा प्रश्न कलेच्या क्षेत्रातून निघून अखेरीस नद्यांच्या पाणीवाटपापर्यंत कसा जाऊन पोचला, हे अमेरिकेच्या युटा राज्यातील एका दगडी धक्क्याच्या इतिहासावरून चांगले ध्यानात येते.

या धक्क्याचे इंग्रजी नाव ‘स्पायरल जेटी’ असे आहे. धक्का म्हटला की मराठी माणसाला मुंबईचा भाऊचा धक्का आठवतो, आणि त्याबरोबर होड्या, उतारू व मासळीच्या टोपल्याही आठवतात. युटातील हा धक्का मात्र होडी लागावी म्हणून बांधलेलाच नव्हे. ग्रेट सॉल्ट लेक नावाच्या विस्तीर्ण खाऱ्या सरोवराच्या ईशान्य किनाऱ्यापासून तो पाण्यात सरळ शिरतो आणि मग डावीकडे वळत वळत स्वतःभोवतीच वेटोळे घालतो. त्याची लांबी १,५०० फूट आणि रुंदी सुमारे १५ फूट असून त्यात ६,००० टनांहून अधिक काळा दगड व माती घातलेली आहे. हा दगड बेसाल्ट जातीचा, म्हणजे ज्या जातीच्या कातळात आपली सह्याद्रीची लेणी कोरलेली आहेत त्याच जातीचा आहे. त्यावरून चालत गेलेला मनुष्य वेटोळ्याच्या मध्यबिंदूपाशी पोचतो आणि तेथून पुढे वाट नसल्यामुळे आल्या पावली परततो.

हा धक्का रचणारा रॉबर्ट स्मिथसन १९३८ साली न्यू जर्सी राज्यातील पसेइक या गावी जन्मला. कारखाने, खाणी आणि अर्धवट सोडलेली बांधकामे यांच्या सहवासात वाढलेल्या या कलावंताला रम्य देखाव्यांपेक्षा माणसाने वापरून टाकून दिलेल्या भूमीचे आकर्षण अधिक होते. घडलेली प्रत्येक व्यवस्था कालांतराने विसकटत जाते, हा उष्णतेच्या शास्त्रातील सिद्धांत त्याच्या विचारांचा आधार होता. १९६८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे व्हर्जिनिया ड्वान यांच्या कलादालनात ‘अर्थवर्क्स’ नावाचे एक प्रदर्शन भरले, त्यात स्मिथसनचा मोठा वाटा होता. भूमीवर, भूमीच्याच द्रव्याने घडविलेल्या कृती असा त्या नावाचा आशय असून मराठीत त्यांना भूशिल्प म्हणता येईल.

या नव्या कलेला आरंभापासूनच विरोधकही होते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एका लहानशा खडकाळ बेटावर फुटक्या काचेचा ढीग रचण्याची स्मिथसनची योजना पक्ष्यांना इजा होईल या भीतीने लोकांनी हाणून पाडली, आणि १९७० च्या आरंभी ती सरकारी पातळीवर रद्द झाली. कलावंताला निसर्गात कोठवर हात घालण्याचा अधिकार आहे, हा वाद अशा रीतीने धक्क्याचा पहिला दगड पडण्यापूर्वीच उभा राहिला होता.

त्याच सुमारास बोलिव्हिया देशातील तांबड्या पाण्याच्या खाऱ्या तळ्यांचे वर्णन स्मिथसनच्या वाचनात आले होते. तसे पाणी स्वदेशी कोठे मिळेल याचा शोध घेत तो युटातील या सरोवराच्या उत्तर भागापर्यंत पोचला. येथील पाणी गुलाबी ते रक्तवर्ण अशा छटांचे दिसते. याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्म जीव होत. महाराष्ट्रातील श्रोत्यांना हा चमत्कार अपरिचित नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी २०२० च्या जून महिन्यात एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याचे कारण याच कुळातील सूक्ष्म जीवांत दाखविले होते. क्षारांचे प्रमाण फार वाढले म्हणजे इतर जीव मागे पडतात आणि हे रंगीत जीव बळावतात.

परंतु लोणारचा रंग ऋतुमानाने आला आणि गेला. युटातील रंगामागे मात्र आगगाडीचा इतिहास आहे. अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांकडून आलेले लोहमार्ग १० मे १८६९ रोजी याच सरोवराच्या उत्तरेस, प्रॉमंटरी येथे, एकमेकांस जोडले गेले. त्या समारंभासाठी केलेला सोन्याचा खिळा अमेरिकन इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे डोंगराचा वळसा टाळण्यासाठी १९०४ साली सरोवरावरूनच लाकडी खांबांचा लांबलचक पूल नेण्यात आला, आणि १९५९ साली त्या लाकडी पुलाच्या जागी दगडमातीचा सलग भराव उभा राहिला. आगगाडीची सोय झाली. पण सरोवराचे दोन तुकडे पडले. बेअर, वेबर आणि जॉर्डन या तिन्ही मुख्य नद्या दक्षिण भागात उतरतात. उत्तर भागाला गोडे पाणी जवळजवळ मिळेनासे झाले, तेथील क्षार साठत गेले, आणि पाणी तांबडे झाले. निसर्गाचे अद्भुत म्हणून कलावंत ज्या रंगाकडे ओढला गेला, तो रंग अशा प्रकारे रेल्वेच्या अभियंत्यांनी नकळत निर्माण केलेला होता.

स्मिथसनला ही गोष्ट खटकण्याचे कारण नव्हते. त्याला हवी होती ती अशीच जागा. त्याने निवडलेल्या रोझेल पॉइंट या ठिकाणी खनिज तेल काढण्याचे फसलेले प्रयत्न, मोडके धक्के आणि गंजलेली यंत्रे यांचे अवशेष पसरलेले होते. सरोवराच्या मध्यभागी एक प्रचंड भोवरा असून तो थेट महासागराशी जोडलेला आहे, अशी जुन्या वसाहतवाल्यांची एक दंतकथाही होती. आख्यायिकेतील भोवरा, मोडक्या धक्क्यांची रांग आणि तांबडे पाणी यांच्या संगमातून वेटोळ्याची कल्पना आकारास आली.

सरोवराचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा असल्यामुळे स्मिथसनने ती जागा रीतसर भाडेपट्ट्याने घेतली. खर्चाचा भार व्हर्जिनिया ड्वान यांनी उचलला. ऑग्डेन गावचे कंत्राटदार बॉब फिलिप्स यांच्यावर प्रत्यक्ष काम सोपविण्यात आले. बांध घालणे हा त्यांचा नित्याचा व्यवसाय होता, परंतु कोठेच न जाणारा बांध त्यांच्या वाट्याला प्रथमच आला. १९७० च्या एप्रिलमध्ये माल उलटणारे ट्रक, ट्रॅक्टर आणि माती भरण्याचे यंत्र यांच्या साह्याने शेजारच्या टेकडीवरील दगड व माती पाण्यात लोटण्यात आली. चिखलाच्या तळावर भरलेले ट्रक मागे मागे नेणे हे धोक्याचे काम होते; तरीही काही दिवसांतच ते पुरे झाले. यंत्रे निघून गेल्यावर स्मिथसनला आकृतीचे टोक मनासारखे वाटेना. त्याने माणसांना परत बोलाविले, काही दगड उचलून दुसरीकडे टाकविले, आणि आज दिसणारे वेटोळे सिद्ध झाले. त्याच वर्षी त्याने या कामाचा एक लघुचित्रपट तयार केला, व १९७२ साली त्याविषयीचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला.

धक्का बांधला तेव्हा सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४,१९५ फूट होती, आणि ती नेहमीपेक्षा पुष्कळ खाली होती. या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. नद्यांनी आणलेले पाणी आणि उन्हाने उडालेले पाणी यांच्या जमाखर्चावर त्याची पातळी ठरते. १९६३ साली ती सुमारे ४,१९१ फुटांपर्यंत उतरली होती. पुढे ओली वर्षे आली आणि पाणी चढू लागले. दोनच वर्षांत, १९७२ च्या सुमारास, धक्का पाण्याखाली गेला. २० जुलै १९७३ रोजी टेक्सास राज्यात दुसऱ्या एका भूशिल्पाची पाहणी करीत असताना विमान कोसळून स्मिथसन मरण पावला. तेव्हा त्याचे वय अवघे ३५ वर्षांचे होते. कृती बुडाली, कर्ताही गेला. १९८६-८७ मध्ये पाणी सुमारे ४,२१२ फुटांपर्यंत चढले, तेव्हा ती कृती पंधराहून अधिक फूट पाण्याखाली होती.

यानंतर जवळजवळ तीस वर्षे हा धक्का, मधूनअधून घडणारे अल्पकाळचे दर्शन सोडल्यास, छायाचित्रे, चित्रपट आणि निबंध यांतूनच जगला. कलेच्या विद्यार्थ्यांना तो तोंडपाठ होता, परंतु प्रत्यक्ष पाहिलेले थोडेच होते. १९९९ साली स्मिथसनच्या वारसांनी तो न्यूयॉर्कच्या डिआ आर्ट फाउंडेशन या संस्थेस दान केला. एका अर्थी हे जलसमाधी घेतलेल्या वस्तूचे दानपत्र होते. मग अवर्षण पडले, पातळी उतरली, आणि २००२ पासून धक्का सातत्याने दिसू लागला. मूळचे काळे दगड मिठाचा थर बसून शुभ्र झाले होते, आणि भोवती गुलाबी पाणी पसरलेले होते. पूर्वी पाहणाऱ्याला विमान व नकाशा लागत असे. आता माणसे मोटारीतून येऊन त्यावर चालू लागली.

येथूनच रक्षणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला. काही दगड खचले आहेत, तर नवे घालून धक्का उंच करावा काय, अशी चर्चा २००४ च्या सुमारास झाली. सर्व काही विसकटत जाते असे सांगणाऱ्या कलावंताची कृती डागडुजी करून जशीच्या तशी ठेवणे हा त्याचा सन्मान होईल, की त्याच्या विचाराचा अव्हेर, असा पेच होता. अखेर दगडांना हात न लावता केवळ नोंद ठेवण्याचे धोरण पत्करण्यात आले. २००९ पासून गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट या संस्थेच्या मदतीने फुग्याला कॅमेरा बांधून वरून छायाचित्रे घेण्याची साधी व अल्पखर्चाची पद्धत अवलंबिण्यात आली. रोग्याला औषध न देता त्याची नाडी तेवढी नियमाने पाहावी, तसाच हा प्रकार होता.

प्रशासनाच्या बाजूनेही प्रसंग उभे राहिले. २००८ साली धक्क्यापासून काही मैलांवर सरोवरात तेलासाठी विहिरी खणण्याचा एका कंपनीचा अर्ज राज्य शासनाकडे आला. स्मिथसनची पत्नी आणि स्वतः नामवंत भूशिल्पकार असलेल्या नॅन्सी होल्ट यांनी हाक दिली, देशोदेशींच्या हजारो लोकांनी हरकती पाठविल्या, आणि ती योजना पुढे सरकली नाही. २०११ साली जागेच्या भाडेपट्ट्याची मुदत संपल्याचे आढळले आणि जगप्रसिद्ध शिल्पाच्या पायाखालची जमीन कोणाच्या ताब्यात, असा कागदोपत्री प्रश्न उत्पन्न झाला. तोही पुढे सुटला, आणि स्थानिक संग्रहालय व महाविद्यालय यांच्या सहकार्याने देखभालीची व्यवस्था लागली. २०१७ साली युटा राज्याने या कृतीला अधिकृत राज्यमान्यता दिली, तर २०२४ च्या डिसेंबरात तिची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली. जमीन निश्चित झाली, मालकी निश्चित झाली, मानमरातबही मिळाला.

नेमक्या याच काळात पाणी निघून गेले. सरोवराकडे येणाऱ्या नद्यांचे पाणी शेतीसाठी, शहरांसाठी आणि कारखान्यांसाठी वाटेतच वळविले जाते. मनुष्याच्या या उपशामुळे सरोवराची पातळी नैसर्गिक पातळीपेक्षा सुमारे ११ फूट खाली गेली असून त्यातील पाणी जवळजवळ निम्म्यावर आले आहे, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अभ्यासात दाखविण्यात आले. २०२१ साली १९६३ चा नीचांक मोडला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात पातळी सुमारे ४,१८८ फुटांवर आली. २०२३ च्या हिवाळ्यातील विपुल बर्फाने काहीसा दिलासा मिळाला, पण मूळ कारण तसेच राहिले. उघड्या पडलेल्या तळावरील धुळीत आर्सेनिकसारखी विषारी द्रव्ये आहेत, आणि ती वाऱ्याबरोबर काठावरील दाट वस्तीकडे जातात. दक्षिण भागातील बारीक कोळंबीसारख्या जीवांवर लक्षावधी स्थलांतरी पक्षी पोसले जातात; पाणी फार खारट झाले तर हे जीव जगणार नाहीत.

या जीवांना वाचविण्यासाठी शासनाने जो उपाय केला तो धक्क्याच्या दृष्टीने मोठा अर्थपूर्ण आहे. रेल्वेच्या भरावात २०१६ साली पाणी खेळते राहावे म्हणून मोठी वाट ठेवण्यात आली होती. २०२२ व २०२३ मध्ये त्या वाटेतील दगडी उंबरा आणखी उंच करण्यात आला. दक्षिणेचे कमी खारे पाणी उत्तरेकडे जाऊ नये आणि उत्तरेचे खारट पाणी दक्षिणेत मिसळू नये, हा त्यामागील हेतू. पक्ष्यांच्या दृष्टीने निर्णय योग्य होता; परंतु त्याची किंमत उत्तर भागाला द्यावी लागली, आणि स्मिथसनचा धक्का उत्तर भागातच आहे. एका दगडी भरावाने १९५९ साली या पाण्याला रंग दिला, आणि त्याच भरावातील उंबऱ्याच्या उंचीवर आता त्या पाण्याचे मान अवलंबून राहिले. आज येणारा प्रवासी वेटोळ्याच्या मधल्या जागेतून कोरड्या मिठावरून व वाळूवरून चालत जातो. पाण्याची कड दूरवर दिसते.

या इतिहासातून जो बोध निघतो तो वरवर पाहता उफराटा वाटेल. धक्का बुडाला होता तेव्हा ती हानी आहे असे वाटले, आणि तो वर आला तेव्हा ते पुनरुज्जीवन मानले गेले. वस्तुतः पाणी चढणे आणि उतरणे हा या कृतीचा स्वभावच होता. लपण्यात आणि प्रकटण्यात तिचे जीवन होते, आणि ते सरोवर जिवंत असेपर्यंतच चालणार होते. आज धक्का निर्वेधपणे दिसतो, पर्यटकांची सोय होते, छायाचित्रे उत्तम येतात. परंतु हे सुलभ दर्शन सरोवराच्या क्षीणतेचे लक्षण आहे. स्मिथसनने मुद्दाम योजिले नव्हते असे एक कार्य ही कृती आता करीत आहे: ते वेटोळे सरोवराचे मोजमाप दाखविणारी पट्टी झाले आहे. वैज्ञानिकांच्या आकड्यांकडे जे लक्ष देत नाहीत तेही कोरड्या धक्क्यावर उभे राहिल्यानंतर पाणी कोठे गेले, हा प्रश्न विचारल्यावाचून राहत नाहीत.

यावरून रक्षणाच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही मिळते. वेरूळचे लेणे राखावयाचे तर दगड राखावा लागतो. रांगोळी राखावयाची तर ती काढणारी माणसे आणि त्यांची रीत राखावी लागते. निसर्गाच्या हाती सोपविलेली कृती राखावयाची तर तो निसर्गच राखावा लागतो. डिआ संस्थेच्या अखत्यारीत दगड येतात, पाणी येत नाही. ते पाणी शेकडो मैल वरच्या अंगाला, कोणाच्या पाटात किती सोडावयाचे याच्या हिशेबात, कायद्याच्या कलमांत आणि जुन्या हक्कांत विभागले गेलेले आहे. तेथे कलासमीक्षकाचे काही चालत नाही. तेथे शेतकरी, नगरपालिका, अभियंते आणि विधिमंडळ यांनाच निर्णय घ्यावा लागतो. अल्फाल्फाचा चारा पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा हक्कही खोटा नाही, आणि शहरातील नळाची गरजही खोटी नाही. तरीही सर्वांच्या रास्त मागण्यांची बेरीज नदीच्या पाण्याहून अधिक झाली म्हणजे तूट कोणाच्या तरी नावे पडतेच, आणि ज्याला स्वतःची मागणी नोंदविता येत नाही त्या सरोवराच्या नावे ती प्रथम पडते.

पाण्याच्या वाटपात अखेरच्या जलाशयाचा वाटा कोण मांडणार, हा प्रश्न काही एकट्या युटाचा नाही. राजस्थानातील सांभर सरोवर असो वा ओडिशातील चिल्का, वरच्या अंगाला वळविलेल्या प्रत्येक थेंबाची नोंद खालच्या पाण्यात उमटत असते. फरक इतकाच की तेथे ती नोंद वाचावयास पातळी मोजणारा जाणकार लागतो, आणि युटात ती १,५०० फूट लांबीच्या दगडी अक्षरात लिहिलेली आहे. हे अक्षर पुन्हा पाण्याखाली जाईल, त्या दिवशी पर्यटकांची कदाचित निराशा होईल. परंतु वेटोळ्यावरून पाणी वाहू लागणे हीच त्या कृतीच्या सुरक्षिततेची खरी खूण ठरेल.